एमेटच्या बदल्यात

लॉर्न वासिलिकला लार्कहिल गावात सगळे 'गारवाला' म्हणत, आणि त्यात आपला अपमान होतो असं फक्त त्यालाच वाटे. तो पीकविम्याच्या कचेरीत नुकसान ठरवायचा. उन्हाळ्यात गारा पडल्या की शेताच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, चार कणसं चुरगाळायची, बराच वेळ आभाळाकडे बघायचं आणि म्हणायचं, "चाळीस टक्के." शेतकरी म्हणायचा सत्तर. लॉर्न पुन्हा आभाळाकडे बघायचा. लोकांना वाटे, हा वरून काहीतरी विचारून घेतोय. खरं म्हणजे त्याला ढग बघायला आवडत, आणि ढग बघता बघता तो कुठल्या कुठे निघून जाई. परत यायचा तेव्हा तोंडातून आकडा निघायचा.

शंभर टक्के मात्र त्याने उभ्या आयुष्यात कुणाला दिले नव्हते. ओटो क्लासनचं अख्खं शेत एकदा चटईसारखं झोपलं, तर याने कुंपणापाशी उभं राहिलेलं एक रोपटं शोधून काढलं आणि पंचाण्णववर सही केली. ओटो अजून त्याच्याशी बोलत नाही. ते एक असो.

हिवाळ्यात गारा पडत नाहीत. आणि कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांताचा हिवाळा म्हणजे काही दोन-तीन महिन्यांचा पाहुणा नव्हे. घरात रिकाम्या बसलेल्या माणसाला गाव बरोबर हेरतं, तसं लॉर्नलाही हेरलं आणि बर्फावरच्या हॉकीच्या क्लबाच्या समितीवर नेऊन बसवलं. क्लब गावाच्या मालकीचा. खेळायला देशभरातून विशीच्या आतबाहेरची पोरं यायची आणि गावातल्या घराघरांत राहायची. वासिलिकांच्या तळघरात गेल्या वर्षापासून एमेट राहत होता. पार पूर्वेकडच्या बेटावरून आलेला, उंच, कमी बोलणारा, बचावफळीत खेळणारा पोरगा. डेल्फिन, म्हणजे लॉर्नची बायको, पहिल्या आठवड्यात त्याला 'आपला पाहुणा' म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात त्यातला 'पाहुणा' गेला.

समितीच्या अध्यक्ष वर्ना टेटलॉफ. गावातलं औषधांचं दुकान त्यांचं, आणि गावही जवळजवळ त्यांचंच. जानेवारीच्या सुरुवातीला लॉर्न खोकल्याचं औषध आणायला गेला तेव्हा त्यांनी बाटली हातात दिली, पण सोडली नाही.

"लॉर्न, तू नुकसान ठरवतोस ना?"

"उन्हाळ्यात."

"मग आता हिवाळ्यात फायदा ठरव. ब्रेथवेटवाल्यांना एमेट हवाय."

लॉर्नला खरोखरच खोकला आला.

प्रकरण असं होतं. रिंकखालचं, म्हणजे हॉकीच्या बंदिस्त मैदानाखालचं, बर्फ गोठवणारं यंत्र म्हातारं झालं होतं. ते आधी कण्हायचं, मग ओरडायचं, मग गप्प व्हायचं, आणि ते गप्प झालं की गावाचा जीव टांगणीला लागायचा. शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या ब्रेथवेटने नवं रिंक बांधलं होतं आणि त्यांच्याकडे जुनी दोन यंत्रं पडून होती, एक मोठं, एक लहान. त्यांचा संघ पहिल्या क्रमांकावर होता, पण बचाव भुसभुशीत. म्हणजे एमेट द्या आणि यंत्र घ्या. खेळाडूंची अदलाबदल दहा तारखेला संध्याकाळी बंद व्हायची. त्यानंतर जो जिथे आहे तो तिथेच.

"पण पोराच्या बदल्यात मोठं यंत्र मागायचं की लहान, हे मला कोण सांगणार?" वर्नाबाई म्हणाल्या. "आम्ही सगळे हॉकीवेडे. भावनेच्या भरात काहीतरी बोलून बसू. तू तटस्थ माणूस आहेस."

तटस्थ माणूस घरी गेला आणि जेवणाच्या टेबलावर, एमेट तळघरात असताना, हळू आवाजात त्याने बायकोला ही बातमी सांगितली. डेल्फिनच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"माझ्या घरातल्या पोराचा भाव तू काढणार?"

"भाव नाही. अंदाज."

"अंदाज." तिने पेरोगींवर, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांवर, कांदा असा काही घातला की लॉर्नला त्या पेरोगींची दया आली. त्यानंतर तिने नवऱ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायची, पण एमेटमार्फत.

"एमेट, मिस्टर वासिलिकांना मीठ पुढे करायला सांग."

"मिस्टर डब्ल्यू, मीठ," एमेट आडनावाचं पहिलं अक्षर तेवढं घेऊन म्हणायचा आणि दोघांकडे आळीपाळीने बघत सहावं अंडं खायचा. नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय एवढंच त्याला कळत असावं, असं लॉर्नने धरून चाललं होतं. या घोळात त्याने जे बरंच काही धरून चाललं होतं, त्यातली ही पहिली गोष्ट.

कॅफेत रोज सकाळी गावातले निवृत्त लोक एका लांब टेबलाशी कॉफी पीत बसत आणि जगाचा न्याय करत. तिथे गुपित म्हणून काही नसतं; फार तर कप भरेपर्यंत दम धरतात. लॉर्नच्या शेजारी राहणारे अल्व्हिन हे शाळेचे माजी मुख्याध्यापक. त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस. मोठं यंत्र माग."

"मी अजून काही ठरवलेलं नाही."

"तुला ठरवायला नाही सांगितलं, अंदाज करायला सांगितलाय. मोठं माग, लहानावर ये. माणसं बैल अशीच विकतात."

"तो बैल नाही, अल्व्हिन."

"मी कुठे म्हटलं? बैल डावीकडे नीट वळतो."

टेबलावर हशा पिकला. मग एकाने सांगितलं की पोराचे दात तपासावेत. दुसरा म्हणाला, यंत्र हवंच कशाला, बाहेर उणे चौतीस आहे, रिंकचे दरवाजे उघडे टाका. त्यावर तिसऱ्याने विचारलं, मार्चमध्ये बर्फ वितळला की काय पोहायचं का? असा वाद रंगला आणि लॉर्नच्या कॉफीवर साय आली. सल्ला देणाऱ्यांपैकी एकालाही त्याच्या घरात तिसरं ताट मांडलं जातं हे आठवत नव्हतं. आठवत असेल तर ते कुणी बोललं नाही.

शेवटी त्याने ठरवलं की काम कामाच्या रीतीने करायचं. शेत बघितल्याशिवाय आपण आकडा देत नाही, मग पोरगा न बघता कसा द्यायचा? तो सरावाच्या वेळी रिंकवर जाऊन वरच्या बाकावर बसला. थंडी हाडात शिरत होती. खाली यंत्र कण्हत होतं. दिवे पूर्ण लावले नव्हते. बर्फावर निळसर धुकं होतं आणि त्या धुक्यात पोरं येत होती, जात होती. लॉर्नने डोळे बारीक केले. डावीकडे वळताना एमेट खरंच अर्धा क्षण मागे राहायचा. पण मग तो पाठमोरा सरकू लागला. मागे न बघता, खांदे सैल सोडून, उलटा, रिंकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जणू मागे काय आहे ते त्याला पाठीनेच दिसत होतं.

आणि लॉर्न निघून गेला. तो लहानपणी जिथे खेळायचा त्या गोठलेल्या तळ्यावर गेला, जिथे गोलाचे खांब म्हणून बापाचे बूट असायचे आणि अंधार पडला की पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, दिसायची नाही, फक्त ऐकू यायची. तिथे तो पुष्कळ वेळ खेळला. चांगला खेळला. प्रत्यक्षात तो कधी चांगला खेळला नव्हता. जाग आली तेव्हा सराव संपला होता आणि एमेट शेजारी उभा राहून त्याच्या गुडघ्यांवर आपलं जाकीट घालत होता.

"मिस्टर डब्ल्यू, घरी चला. मिसेस डब्ल्यूंनी मला सांगितलंय की तुम्हाला सांग, जेवण झालंय."

त्या क्षणी लॉर्नचा निर्णय झाला. हा पोरगा कुठेही जात नाही.

आता युक्ती बघा. गारपिटीच्या धंद्यात दहा टक्क्यांखालचं नुकसान असलं की फाईल बंद. कुणी काही मागत नाही, कुणी काही देत नाही. लॉर्नच्या सबंध बुद्धीला हाच एक रस्ता ठाऊक होता. आपण एमेटची किंमत इतकी खाली आणायची की विषयच मिटेल. हा डाव त्याला फार हुशारीचा वाटला. त्या रात्री त्याला शांत झोप लागली, आणि ज्या माणसाला अशा वेळी शांत झोप लागते त्याने सकाळी उठून पुन्हा एकदा विचार करावा हे उत्तम.

दहा तारखेला दुपारी समिती जमली. रिंकच्या कचेरीतला हीटर बंद पडला होता, म्हणून सगळे वरच्या निवेदकाच्या खोलीत बसले. सामना चालू असताना जिथून गोल कुणी केला ते सांगतात ती काचेची खोली. पाच माणसं, तीन खुर्च्या. अल्व्हिनही समितीवर होते; ते टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. त्या टेबलावर माइक होता आणि माइकचं बटण अल्व्हिनच्या बसण्याच्या भागाखाली गेलं, हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. खाली पोरं सराव करत होती.

त्याआधी वर्नाबाईंनी लीगच्या कचेरीत फोन लावला होता. तिथल्या कारकुनाने सांगितलं, खेळाडूच्या बदल्यात यंत्र घेता येत नाही.

"मग काय घेता येतं?"

"खेळाडू. किंवा भविष्यातला विचार."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढे कधीतरी काहीतरी देऊ, असा विचार. तशी पद्धत आहे."

"तो विचार ट्रकवर घालून आणता येतो का?" वर्नाबाईंनी विचारलं.

कारकुनाने नियमांचं पुस्तक चाळलं. "नियमात विचाराचं वजन दिलेलं नाही," तो म्हणाला.

एवढं मिटल्यावर सगळे लॉर्नकडे वळले. लॉर्नने घसा साफ केला, सवयीने वर बघितलं आणि सुरुवात केली.

"मी पाहणी केली. माल बरा दिसतो, पण आतून पोकळ आहे. डावीकडे वळत नाही. फटका मारला की पक प्रेक्षकांत जातो. सकाळी सहा अंडी खातो. झोपेत बडबडतो. प्रामाणिकपणे सांगतो, त्याची किंमत दहा टक्क्यांच्या वर जात नाही. विषय बंद करावा."

तो खाली बसला. विषय बंद होईल म्हणून वाट पाहू लागला.

"मग प्रश्नच मिटला," वर्नाबाई म्हणाल्या. "इतका टाकाऊ असेल तर लहान यंत्रावरसुद्धा देऊन टाकू. आपला फायदाच."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.  गारपिटीत किंमत खाली आली की काही हलत नाही, पण बाजारात खाली आली की माल आधी उचलला जातो, हे ज्ञान लॉर्नला आत्ता, या खोलीत, चार जणांसमोर होत होतं.

तेवढ्यात त्यांना जाणवलं की खाली फार शांत झालंय. काचेतून बघितलं तर सगळी पोरं काठ्या टेकून उभी होती आणि छतावरच्या कर्ण्यांकडे बघत होती. मधे एमेट उभा होता. आणि प्रेक्षकांच्या बाकावर हिरवं जाकीट घातलेला एक अनोळखी माणूस हातात गरम चॉकलेटचा पेला धरून फोनवर बोलत होता.

"तो ब्रेथवेटचा माणूस," अल्व्हिन म्हणाले, आणि त्यांच्याच खालून तोच आवाज सबंध रिंकभर घुमला, "तो ब्रेथवेटचा माणूस."

अल्व्हिन उठले. बटण बंद झालं. टेबलावरचा फोन वाजला. ब्रेथवेटचे व्यवस्थापक बोलत होते: आमच्या माणसाने आत्ताच ऐकलं, तुमच्याच तज्ज्ञाचं मत आहे म्हणे, तेव्हा आता लहान यंत्र, तेही मोटरीशिवाय.

जिन्यावर ठक ठक ठक असा आवाज आला. पायातले स्केट न काढता एमेट वर येत होता. तो दारात उभा राहिला तेव्हा आधीच उंच असलेला तो पोरगा आणखी उंच दिसत होता. लॉर्नला वाटलं, ही काच फुटावी आणि आपण खालच्या बर्फात विरघळून जावं. पण बर्फ विरघळवत नाही, उलट ठेवून घेतो.

"चार," एमेट म्हणाला.

"काय?"

"अंडी मी चार खातो, मिस्टर डब्ल्यू. दोन मिसेस डब्ल्यू बळंच वाढतात."

 यंत्र खाली कण्हत राहिलं.

"तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं," लॉर्न म्हणाला. एवढं सरळ वाक्य तो समितीपुढे कधी बोलला नव्हता. "म्हणून ते सगळं बोललो. तुझ्या पायाच्या धुळीचीही सर कुणाला... म्हणजे तसं नाही. मला तू इथे हवा आहेस. डेल्फिनलाही. घर तुझ्यामुळे घर वाटतं. झालं."

एमेटने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "मला गेल्या आठवड्यापासून माहीत आहे. कॅफेत सगळ्यांना माहीत आहे." मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगू? मला जायचंय. माझं हे शेवटचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी लीगमध्ये खेळायचं वय निघून जाईल. मी आजवर एकही अंतिम सामना खेळलो नाही. आणि ब्रेथवेटवाले खेळणार आहेत."

बघा, इतक्या दिवसांत गावाने दातांपासून अंड्यांपर्यंत सगळी चौकशी केली, पण तुला काय हवंय एवढं विचारायचं राहून गेलं होतं. तटस्थ माणसाचंसुद्धा.

लॉर्नने वर बघितलं. वर आभाळ नव्हतं, पत्रा होता. तो बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिला. वर्नाबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "लॉर्न, मुदत संपत आली."

"मोटरीशिवाय?" लॉर्न म्हणाला. "माझा पोरगा मोटरीशिवायच्या लहान यंत्रावर जाणार नाही. अल्व्हिन, ते बटण कुठलं?"

अल्व्हिनने दाखवलं. लॉर्नने ते दाबलं, दोन्ही हातांनी माइक धरला आणि काचेतून त्या हिरव्या जाकिटाकडे बघत बोलू लागला.

"लार्कहिल रिंकवरून बोलतोय. लॉर्न वासिलिक. गारवाला. मघाशी मी जे बोललो ते खोटं होतं आणि स्वार्थापोटी होतं. सव्वीस वर्षं मी लोकांच्या शेतात उभा राहून आकडे देतोय, तेव्हा आता नीट ऐका. हा पोरगा उलटा सरकतो तेव्हा बघणाऱ्याला आपलं लहानपण आठवतं. मला आठवलं, म्हणून सांगतो. पुढून येणारा गडी कुठे जाणार हे त्याला त्या गड्याच्या आधी कळतं. हरलेल्या सामन्यानंतर तो सगळ्यांत शेवटी बाहेर येतो, कारण गोलरक्षकाजवळ बसलेला असतो. उणे चाळीसमध्ये त्याने अख्ख्या गल्लीतला बर्फ उपसला, मुख्याध्यापकांच्या दारातलासुद्धा, आणि ते रोज त्याला वळण नाही म्हणून टोमणे मारतात. डावीकडे तो खरंच जरा हळू वळतो. पण ते दोन महिन्यांत सुधारेल, कारण त्याला सांगितलेलं तो ऐकतो. झोपेत बडबडतो तेव्हा 'माझा माणूस, माझा माणूस' असं म्हणतो, म्हणजे समोरच्याला मी धरलंय, तू सोड. तो झोपेतसुद्धा बचाव करतो. आमचं गाव त्याला बर्फासाठी देतंय, हौस म्हणून नव्हे. तेव्हा ज्यांना तो हवा असेल त्यांनी मोठं यंत्र आणावं, मोटरीसकट, आणि स्वतःच्या ट्रकवर घालून आणावं. एवढंच."

त्याचा आवाज छतातल्या धुक्यात जरा वेळ रेंगाळला. मग खाली एका पोराने काठी बर्फावर आपटली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. हॉकीत टाळ्या अशाच वाजवतात. हिरवं जाकीट पुन्हा फोनवर बोलू लागलं होतं, आणि या खेपेला उभं राहून.

वरचा फोन वाजला तेव्हा वर्नाबाईंनी ऐकलं, "हो" म्हणाल्या, "ट्रक तुमचा" म्हणाल्या आणि ठेवला. मग रुमाल काढून नाक पुसलं. थंडी होती म्हणून, असं त्या अजून सांगतात.

त्या संध्याकाळी डेल्फिन नवऱ्याशी सरळ बोलली. रिंकवरचं भाषण स्वयंपाकघरात पोचायला या गावात ट्रक लागत नाही. "सगळ्या गावासमोर रडलास म्हणे."

"रडलो नाही. माइक खराब होता."

"बरं," ती म्हणाली आणि एमेटच्या डब्यात पेरोगी भरत राहिली, डबा बंद होईना तरी.

पोरगा गेला. भविष्यातला विचार तीन दिवसांनी ट्रकवरून आला. हिरवा रंगवलेला, गाईएवढा, मोटरीसकट. तो बसवून चालू केला तेव्हा असा संथ, जाड आवाज आला की सगळं गाव दमून खुर्चीत टेकलं. रिंकवरच्या लोकांनी त्याला एमेट म्हणायला सुरुवात केली. कुणी ठरवलं नाही, झालं. "एमेट आज छान चाललाय." "एमेटला तेल घातलं का?" लॉर्न सामना नसतानाही तिकडे जाऊ लागला. यंत्राच्या खोलीत एक स्टूल होतं. त्यावर बसलं की भिंतीची थरथर पाठीत यायची, आणि डोळे मिटले की ते जुनं तळं दिसायचं, आणि त्यावर कुणीतरी उंच पोरगा पाठमोरा सरकत जाताना दिसायचा. अल्व्हिन एकदा आत डोकावून गेले, आणि दुसऱ्या दिवशी तिथे दुसरं स्टूल होतं.

फेब्रुवारीत ब्रेथवेटचा संघ लार्कहिलला खेळायला आला. एमेट परक्या रंगात उतरला आणि गावाने त्याची रीतसर हुर्यो उडवली. माया वेगळी, सामना वेगळा. दुसऱ्या भागात तो डावीकडे वळला. असा वळला की लार्कहिलचा गडी तिथे राहिला आणि पक जाळ्यात गेला. डेल्फिन उठून उभी राहिली, मग इकडेतिकडे बघून बसली. लार्कहिल हरलं. लॉर्नला त्याचं दुःख झालं की नाही हे त्याने कुणाला कळू दिलं नाही.

सामन्यानंतर ओल्या केसांचा एमेट त्याला शोधत आला. "मिस्टर डब्ल्यू, मला बघायचंय."

"काय?"

"ज्याच्या बदल्यात गेलो ते."

लॉर्न त्याला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेला. यंत्र आपल्या तंद्रीत चाललं होतं. एमेट त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि त्याने तळवा टेकवला.

"मला वाटलं होतं, याहून लहान असेल."

"लहानच देत होते."

"आवाज बरा आहे."

"डाव्या बाजूला जरा थरथरतो," लॉर्न म्हणाला. "सुधारेल."

एमेट हसला. मग यंत्राकडे बघतच त्याने विचारलं, "खरं सांगा. माझ्या व्यवहारात तुमचं किती नुकसान झालं?"

लॉर्नने सवयीने वर बघितलं. वर पाइप होते, त्यांच्यावर दव गोठलं होतं. या खेपेला तो कुठेही गेला नाही. आकडा आधीच तयार होता.

"शंभर टक्के," तो म्हणाला.

बाहेर डेल्फिन गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. घरी तीन ताटं मांडलेली होती आणि पेरोगी गार होत होत्या.